संशोधन केंद्राचे नाव ऐकून थांबू नका

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात राहतो. आमचा मुलगा इथेच जन्मला आणि आता साडेचार वर्षांचा आहे. तो फार कमी बोलतो. पाणी हवे असले की माझ्याजवळ येऊन “तुला पाणी हवंय?” असे म्हणतो. हाक मारली तर बहुतेक वेळा वळून पाहत नाही. बालरोगतज्ज्ञांनी इथल्या विद्यापीठाच्या वाइझमन सेंटरकडे रेफरल दिले आहे. माझ्या यजमानांना ते पटत नाही. ते म्हणतात, “ते संशोधन केंद्र आहे, आपल्या मुलावर प्रयोग करतील.” केंद्राकडून आलेल्या कागदांत एका अभ्यासाचे माहितीपत्रकही होते आणि त्यात लाळेचा नमुना घेण्याचा उल्लेख आहे. सासूबाई साताऱ्याहून सांगतात की ह्याचे वडीलही उशिराच बोलले, आणि उन्हाळ्यात पुण्याला आणून दाखवा. प्रीस्कूलच्या शिक्षिका म्हणतात की घरी मराठी बंद करा आणि फक्त इंग्रजी बोला. आमचे ग्रीन कार्ड अजून झालेले नाही. मी काय करू? – एक आई, मॅडिसन

उत्तर :

तुम्ही मुलाच्या बोलण्याचा नमुना जसाच्या तसा लिहून पाठवलात, हे फार चांगले केलेत. माझे म्हणणे आधी स्पष्ट सांगते. वाइझमन सेंटरची अपॉइंटमेंट आजच मागा, मुलाचे मूल्यमापन तिथे करून घ्या आणि संशोधनात भाग घ्यायचा की नाही याचा निर्णय त्यापासून पूर्णपणे वेगळा ठेवा. शिवाय केंद्राच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे तुमच्या भागातील सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला, एक पत्र पाठवा. त्याविषयी पुढे सांगते.

यजमानांची भीती मी मुळीच हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना 1956 पासून पुढे अनेक वर्षे अभ्यासासाठी मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करण्यात आली. मॅसॅच्युसेट्समधील फर्नाल्ड शाळेत मुलांना किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले ओट्स खाऊ घातले गेले, आणि पालकांकडे पाठवलेल्या संमतीपत्रात त्या द्रव्याचा उल्लेखही नव्हता. ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी जवळ नव्हते, अशाच मुलांची निवड झाली, ही त्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट. अशा प्रकरणांवरून उठलेल्या गदारोळानंतर 1974 मध्ये अमेरिकेत माणसांवरील संशोधनासाठी कायदा झाला आणि 1979 मध्ये बेलमाँट अहवालाने त्याची नैतिक चौकट आखून दिली. आज विद्यापीठातील प्रत्येक अभ्यासाला स्वतंत्र परीक्षण समितीची मंजुरी लागते, लहान मुलांसाठी जादा संरक्षण असते, पालकांची लेखी संमती लागते, जे मूल समजू शकते त्याचा स्वतःचा होकारही विचारला जातो, आणि सुरू झालेल्या अभ्यासातून कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते. नकार दिल्याने मुलाच्या उपचारांत काहीही फरक पडत नाही, हे वाक्य संमतीपत्रातच असते. यजमानांना त्या वाक्यावर बोट ठेवून दाखवा.

त्यांचा गोंधळ होणेही स्वाभाविक आहे, कारण वाइझमन सेंटरमध्ये एकाच इमारतीत अनेक कामे चालतात. तिथे मुलांना तपासणारी क्लिनिके आहेत, प्रयोगशाळा आहेत, मेंदूच्या प्रतिमा घेण्याची सोय आहे, अपंगत्व असलेली आणि नसलेली मुले एकत्र शिकतात असे बालवाडीचे वर्ग आहेत, आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट अशा तरुण व्यावसायिकांचे प्रशिक्षणही आहे. तुमचे रेफरल क्लिनिकसाठी आहे. त्या पाकिटात आलेले माहितीपत्रक हे दुसऱ्या विभागाचे निमंत्रण आहे, आणि निमंत्रण नाकारता येते. पहिल्या भेटीत एखादा प्रशिक्षणार्थी खोलीत बसू शकतो. तुम्हाला ते नको असेल तर तसे सांगता येते, पण माझ्या मते त्याला बसू द्यावे, कारण शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा असतो आणि दोन जोडी डोळे मुलाकडे पाहतात.

ही केंद्रे विद्यापीठांतच का उभी राहिली, हे समजले तर यजमानांचा संशय बराच निवळेल असे वाटते. अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अपंगत्व होते. 1941 मध्ये तिच्या मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेने तिची उरलीसुरली स्वतंत्र हालचाल आणि वाचा हिरावून घेतली. त्यानंतर तिचे जवळजवळ सारे आयुष्य तुमच्याच राज्यात, मॅडिसनपासून फार दूर नसलेल्या जेफरसन गावातील एका संस्थेत गेले, आणि 2005 मध्ये ती विस्कॉन्सिनमध्येच वारली. दुसरी बहीण युनिस हिने भावाच्या मागे लागून हा विषय सरकारच्या अजेंड्यावर आणला. 31 ऑक्टोबर 1963 रोजी, म्हणजे हत्येच्या अवघे तीन आठवडे आधी, केनेडींनी ज्या कायद्यावर सही केली त्यातून बौद्धिक अपंगत्वावरील संशोधन केंद्रांना आणि विद्यापीठांशी जोडलेल्या सेवा व प्रशिक्षण केंद्रांना पैसा मिळाला. आज अशा सेवा-प्रशिक्षण केंद्रांचे जाळे सर्व राज्यांत पसरलेले असून त्यांची संख्या साठहून अधिक आहे. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांसाठी रटगर्स विद्यापीठाचे बॉग्ज सेंटर, टेनेसीत राहणाऱ्यांसाठी नॅशव्हिलचे व्हँडरबिल्ट केनेडी सेंटर ही त्यांतलीच. वाइझमन सेंटर हे सेवा-प्रशिक्षण केंद्र आणि संशोधन केंद्र, असे दोन्ही आहे.

केंद्राला ज्यांचे नाव दिले ते डॉ. हॅरी वाइझमन हे याच विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ आणि जीवरसायनशास्त्रज्ञ. फेनिलकीटोन्युरिया हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ह्या आनुवंशिक विकारात फेनिलअलॅनिन हा प्रथिनातला घटक शरीराला पचवता येत नाही, तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. जन्मानंतर लगेच ओळखले आणि आहार बदलला तर ती इजा टळते. 1971 मध्ये डॉ. वाइझमन वारले आणि 1973 मध्ये केंद्र सुरू झाले. तुमच्या मुलाचा जन्म झाला तेव्हा रुग्णालयात त्याच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले होते, ते तुम्हा दोघांना आठवत असेल. रॉबर्ट गथ्री या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ही चाचणी आणली ती याच विकारासाठी, आणि त्यांना स्वतःला बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा होता. म्हणजे मुलांवरील संशोधनाचा लाभ तुमच्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच मिळून गेलेला आहे. यजमानांशी बोलताना वाद घालण्याऐवजी एवढीच एक गोष्ट सांगून पाहा.

आता लाळेच्या नमुन्याविषयी. असे नमुने जनुकीय अभ्यासासाठी घेतात. घाईने होकार देऊ नका आणि घाईने नकारही देऊ नका. अभ्यासाच्या समन्वयकाला विचारा : नमुना किती वर्षे ठेवणार, तो इतर संशोधकांना देणार का, नाव काढून टाकल्यावर कोणाला ओळख पटू शकते, काही महत्त्वाचे आढळले तर आम्हाला कळवणार का, आणि आम्ही नंतर माघार घेतली तर नमुना नष्ट करणार का. अमेरिकेतील 2008 च्या कायद्यानुसार आरोग्य विमा कंपनीला आणि मालकाला जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करता येत नाही. आयुर्विम्याला मात्र हे संरक्षण लागू नाही, आणि ही गोष्ट सही करण्यापूर्वी माहीत असायलाच हवी. जनुकीय अभ्यासाला नकार देऊन केवळ खेळ आणि भाषेचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासाला होकार देता येतो. माझे मत विचाराल तर मूल्यमापन होऊन घरातली पहिली धावपळ शमेपर्यंत कोणत्याच अभ्यासाची सही करू नका. अभ्यासकांना सहभागी होणारी कुटुंबे नेहमीच हवी असतात आणि पुढे संधी पुन्हा येईल.

मूल्यमापनाच्या दिवशी नेमके काय होते, हे ठाऊक असले की आईची अर्धी धडधड कमी होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका असेल तेव्हा साधारणपणे एडॉस नावाची निरीक्षण पद्धत वापरतात आणि तिला पाऊण-एक तास लागतो. इतक्या लहान मुलाच्या वेळी आई किंवा वडील खोलीतच बसतात. कुठे सुई नाही, यंत्र नाही, जमिनीवर खेळणी असतात. परीक्षक फुगा फुगवतात, हातातच धरून थांबतात आणि मूल काय करते ते पाहतात. ते फुग्याकडे पाहून मग माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते का, पुन्हा फुगव असे खुणेने सांगते का, की माणसाचा हात ओढून फुग्यावर नेऊन ठेवते? साबणाचे बुडबुडे सोडतात. बाहुलीचा खोटाखोटा वाढदिवस करतात, मातीचा केक, त्यावर मेणबत्त्या. खाऊचे दोन प्रकार पुढे धरून मूल कशा रीतीने मागते ते टिपतात. ह्यात पास-नापास काही नाही, म्हणून मुलाला आधी सराव देऊ नका आणि तिथे बसल्या बसल्या “सांग ना बाळा, घरी सांगतोस ना” असे म्हणून त्याला मदतही करू नका. याशिवाय तुमची दीर्घ मुलाखत होते. त्यात कपडे घालणे, जेवणे, झोप, इतर मुलांशी वागणे अशा रोजच्या गोष्टी विचारतात. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या, कारण हाकेला न वळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्न पहिल्यांदा निकाली काढावा लागतो.

या सगळ्यात तुमच्याशिवाय कोणालाच करता येणार नाही असे एक काम आहे, आणि ते मराठीचे. “तुला पाणी हवंय?” असे तो पाणी हवे असताना म्हणतो, म्हणजे ऐकलेले वाक्य तो जसेच्या तसे परत देतो आहे, आणि ते योग्य वेळी देतो आहे. हे दोन्ही महत्त्वाचे आहे. इंग्रजी परीक्षकाला हे ऐकू येणार नाही. तो “मी देते”, “मी येते” असे तुमच्या तोंडचे बोलतो का, तेही पाहा. क्रियापदाचे रूप आईचे असेल तर तेही उचललेले वाक्य असण्याची शक्यता आहे, मात्र आईजवळ वाढणारी इतर लहान मुलेही काही काळ असे बोलतात, म्हणून निष्कर्ष तुम्ही काढू नका, फक्त नोंदवा. एका वहीत त्याची वाक्ये, ती कोणत्या प्रसंगी आली आणि शब्दशः अर्थ काय, असे लिहा. आजीशी फोनवर बोलतानाचे, जेवतानाचे, खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ बरोबर न्या. दुभाषाची मागणी अपॉइंटमेंट घेतानाच करा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी तो विनामूल्य द्यायचा असतो आणि मराठी दुभाषा फोनवरून मिळू शकतो. तुमचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी अशा दिवशी मनातले बोलायला आपली भाषा हाताशी असावी, आणि दुभाषाचे काम यजमानांवर टाकू नये, कारण त्यांनी त्या दिवशी वडील म्हणूनच तिथे असायला हवे.

शिक्षिकाबाईंचा सल्ला मात्र कृपया पाळू नका. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. कॅनडातील संशोधकांनी 2005 मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांची तुलना एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांशी केली, तेव्हाही दुसऱ्या भाषेमुळे नुकसान झाल्याचे आढळले नाही. उलट विचार करा. आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गोष्ट सांगते, ती भाषाच घरातून काढून घेतली तर त्या मुलाशी होणारे बोलणेच कमी होईल, आणि ज्या मुलाला माणसांशी जोडून घेणे आधीच कठीण जाते आहे त्याचे साताऱ्याच्या आजीशी असलेले नातेही तुटेल. मराठीच बोला. वाक्ये छोटी ठेवा, तो ज्या वस्तूकडे पाहतो आहे तिच्याविषयी बोला आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा. स्पीच थेरपिस्टला विचारून इंग्रजीत शिकवलेले शब्द घरी मराठीतही वापरा.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांचा मुलगा उशिरा बोलला हे खरेच असेल, आणि हाही कौटुंबिक इतिहास म्हणून केंद्रात सांगण्यासारखा आहे. पण उशिरा बोलणारी काही मुले आपोआप सावरतात म्हणून प्रत्येक मुलाच्या बाबतीत थांबावे असे होत नाही. साडेचार वर्षांच्या, हाकेला न वळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर नाहीच. हे अमेरिकेतले खूळ आहे असे त्यांना वाटत असेल तर सांगा की भारतातही 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आहे आणि 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 अपंगत्वांमध्येही ते आहे. पुण्या-मुंबईत चांगले तज्ज्ञ आहेत, उन्हाळ्यात गेलात तर दुसरे मत जरूर घ्या. परंतु उपचार जिथे रोज मिळणार आहेत तिथेच मूल्यमापन व्हावे, आणि तुम्ही मॅडिसनमध्ये राहता.

आता त्या पत्राविषयी. अशा क्लिनिकांमध्ये पहिली तारीख मिळायला काही महिने लागणे नेहमीचेच आहे, आणि नेमका हाच काळ अनेक कुटुंबे वाया घालवतात. 1975 पासून चालत आलेल्या अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यानुसार 3 ते 21 वयाच्या पात्र मुलांना सरकारी शाळेमार्फत विनामूल्य शिक्षण आणि थेरपी देणे बंधनकारक आहे, मग मूल त्या शाळेत दाखल झालेले असो वा नसो, पालकांचा व्हिसा कोणताही असो. त्यासाठी वैद्यकीय निदानाची अट नाही. शाळा आपले स्वतंत्र मूल्यमापन करते आणि केंद्राचा अहवाल नंतर आला तर त्याची भर घालते. तुम्ही लेखी मागणी करायची, मग लेखी संमती द्यायची, आणि संमतीपासून 60 दिवसांत शाळेने निर्णय द्यायचा. शक्य तेथे मूल्यमापन मुलाच्या भाषेत व्हावे असेही कायदा सांगतो, म्हणून पत्रात मराठीचा उल्लेख करा.

ग्रीन कार्डची चिंता शाळेच्या सेवांपुरती मनातून काढून टाका. केंद्रात तपासणी करून घेण्यातही अडचण नाही. विस्कॉन्सिनमध्ये केटी बेकेट नावाचा मेडिकेडचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, कार्यक्रम आहे. त्यात गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाची पात्रता ठरवताना आईवडिलांचे उत्पन्न धरत नाहीत, आणि तुमचा मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक असल्यामुळे अर्ज त्याच्या नावाने होतो. तरीही अर्ज भरण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, कारण त्या बाबतीतले नियम सरकारे बदलतात तसे बदलत आले आहेत. यजमानांच्या कंपनीच्या एचआरकडून हेही काढून घ्या की तुमचा आरोग्य विमा ती स्वतःच्या पैशाने चालवते की एखाद्या विमा कंपनीकडून विकत घेते. राज्याच्या कायद्यानुसार ऑटिझमच्या उपचारांचा खर्च विमा कंपनीने द्यायचा असला, तरी पहिल्या प्रकारच्या योजनांना तो कायदा बांधत नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या योजना पुष्कळदा त्याच प्रकारच्या असतात.

तुम्ही विचारले नाही, पण पत्राच्या ओळींमधून जाणवले म्हणून लिहिते. वाइझमन सेंटरच्या दीर्घकाळ संचालक राहिलेल्या मार्शा मेलिक यांनी 1998 पासून विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्समधील चारशेहून अधिक कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या कुटुंबांतल्या मुलांना ऑटिझम आहे, ती मोठी होत गेली, आणि त्यांच्या आयांवर रोजच्या ताणाचा शरीरापर्यंत जाणारा परिणाम होतो, हेही त्या कामातून पुढे आले. किशोरवयात होत असलेली सुधारणा शाळा सुटल्यावर मंदावते, हा त्यातला दुसरा निष्कर्ष, आणि त्यावरूनच त्या केंद्रात शाळा संपण्याच्या वयातील मुलांच्या कुटुंबांसाठी कार्यक्रम आखले गेले. मुलांना पाहून शिकायचे आणि शिकलेले पुन्हा कुटुंबांपर्यंत पोहोचवायचे, असे संशोधन मला मनापासून मोलाचे वाटते. तुमच्या मुलाला ऑटिझम आहे असे मी म्हणत नाही, ते ठरवणे पत्रावरून शक्य नाही. पण निदान काहीही निघाले तरी झोप, जेवण आणि बोलायला एखादी मैत्रीण, हे तुमच्यासाठी आतापासून राखून ठेवा, आणि केंद्रात पालकांच्या गटाविषयी चौकशी करा.

स्कूल डिस्ट्रिक्टचे पत्र चार ओळींचे पुरे आहे : मुलाचे नाव व जन्मतारीख, घरात मराठी बोलली जाते ही माहिती, बोलण्याविषयी आणि हाकेला प्रतिसाद न देण्याविषयी वाटणारी काळजी, आणि विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावे ही स्पष्ट विनंती. त्यावर तारीख घाला, तुम्हा दोघांच्या सह्या असू द्या, ईमेलने पाठवा आणि प्रत जपून ठेवा. दहा-बारा दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करा, आणि त्या फोनची तारीखही त्याच वहीत लिहा.